बाबांची आरएक्स १०० आणि बरडावरची शर्यत: आर्वी ते मानोरा, चार दिवस

आमच्या घरची यामाहा आरएक्स १०० बाबांनी १९९४ साली कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली. दोन वर्षांनी, १९९६ साली, या गाडीचे उत्पादनच थांबले. आमची गाडी मात्र ढेपेची पोती, दुधाचे कॅन आणि बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाहत तीस वर्षे चालत राहिली. मानोरा तालुक्यातील काही तरुण शेतकरी आणि मिस्त्री मिळून मातीच्या ट्रॅकवर हौशी शर्यत भरवत असून, रोज रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या १०० सीसी गाड्यांसाठी त्यांनी स्वतंत्र गट ठेवला आहे, ही बातमी यंदा संक्रांतीच्या आधी भाच्याने आणली. बाबांना विचारले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. ज्या गाडीवर जाशील, तिच्यावरच परत ये.

तयारीला तीन आठवडे लागले. पावसाळ्यापूर्वीच गाडीचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिचा व्यास, अर्ध्या मिलिमीटरने वाढवून नवीन पिस्टन बसवला होता आणि सहाशे किलोमीटर सावकाश चालवून तो रुळवला होता. नव्या बोअरची गाडी थेट शर्यतीत उतरवू नये, कारण रिंगा ब्लॉकवर पुरत्या बसलेल्या नसतात आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. मिस्त्रीने या वेळी पेट्रोलची नळी, तोटीची वॉशर आणि कार्बोरेटरची रबरे बदलली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या काळातील रबराला इथेनॉल सोसत नाही आणि त्यातील ऑक्सिजनमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिन अशा पातळ मिश्रणावर तापते, म्हणून कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा मुख्य जेट एका मापाने मोठा टाकला. गाडी टेम्पोत टाकून नेण्याचे भाडे परवडणारे नव्हते. हत्यारे, दोन ट्यूब, क्लच केबल, चार प्लग आणि अंथरूण-पांघरूण भाच्याच्या स्प्लेंडरवर बांधले आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार

आर्वी सोडली तेव्हा उजाडायचे होते. कौंडण्यपूरच्या पुलावर वर्धा नदीतून उठणारे धुके इतके दाट होते की रुक्मिणीच्या माहेराचे मंदिर दिसलेच नाही, फक्त काकड्याचा आवाज ऐकू आला. हातमोज्यांतून थंडी बोटांत शिरत होती. कुऱ्हा आणि चांदूर रेल्वे मागे पडल्यावर ऊन आले. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चाललेली, कुठे पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस लोंबत असलेला आणि शिवारभर तुरीच्या भुसाचा वास भरून राहिलेला, असा तो रस्ता मला आयुष्यभर पुरेल.

तळेगाव दशासरच्या अलीकडे गाडीचा पिकअप गेला. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळली तरी ती वर चढेना. गावात शिरताना लागलेल्या पहिल्याच गॅरेजवर थांबलो. तिथल्या तरुण मिस्त्रीने कार्बोरेटरची वाटी उघडून स्टीलच्या ताटलीत उलटी केली, तेव्हा पेट्रोलच्या तळाशी मण्यासारखे पाण्याचे थेंब आणि गंजाचे कण दिसले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ते पाणी इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी होती. ही चूक माझी होती आणि तिची शिक्षा शर्यतीआधीच मिळाली, याचे समाधान वाटले. ज्यांची जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते त्यांनी टाकी एक तर काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करावी, आणि लांब निघण्यापूर्वी कार्बोरेटरची वाटी एकदा उघडून पाहावी.

काम चालू असताना शेजारच्या ओट्यावर बसलेले सत्तरीचे एक आजोबा उठून जवळ आले. टाकीवर चिकटवलेला आकडा पाहून त्यांनी विचारले, "काहो भाऊ, हा नंबर कायचा?" शर्यतीचा, असे सांगितल्यावर ते हसले. "म्हंजे गाडीचा पट!" तळेगावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सगळ्या विदर्भात प्रसिद्ध आहे आणि या आजोबांनी तरुणपणी धुरकरी म्हणून त्यात जोड्या हाकलल्या होत्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडला, २०२१च्या डिसेंबरमध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या मधल्या वर्षांविषयी ते बोलत होते तेव्हा, न पळणाऱ्या बैलांना कसे सांभाळले, सरकी-ढेप कशी कमी केली आणि दोन चांगले गोऱ्हे अखेर कसे विकावे लागले, हे सगळे त्यांनी तारखेवार सांगितले. मग त्यांनी गाडीच्या मागच्या चाकाला हात लावला.

"आनं ह्याच गाडीनं पयनार, आनं हेच गाडी चालवत चालला? अमी तं बैल गाडीत टाकून नेतो पटाले. आदल्या दिवशी त्याले चालवतबी नाई."

मी म्हटले, "आजोबा, दुसरी सोय नाही."

"मंग जातानी त्याले धाप लागू देजो नोको. आनं पटात बी थोडा दम ठेवजो. घरी बी जा लागते ना त्याले."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. मिस्त्रीनेही केवळ पन्नास रुपये घेतले आणि टाकीतले गाळलेले पेट्रोल परत भरून दिले.

मार्गाविषयी एक सूचना येथेच करतो. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यानेच कारंजा गाठावे लागते. जड वाहने बरीचशी समृद्धीवर गेल्याने हा रस्ता सकाळी शांत असतो आणि ताशी पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या जुन्या गाडीला तो मानवतो.

कारंजा लाड येथे दुपारी आलुबोंडा-रस्सा खाल्ला. बोंडा फोडून त्यावर तर्री ओतताना दुकानदाराने आधी आमचे चेहरे पाहिले आणि तिखट बेताचे ठेवले. शकुंतला रेल्वेचे जेमतेम अडीच फूट रुंदीचे रूळ भाच्याने पहिल्यांदाच पाहिले. त्यांच्यावरून आता गाडी धावत नाही. दिवस मावळायच्या आत मानोऱ्यापुढच्या एका तांड्यावर पोहोचलो. शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या एका सभासदाच्या घरी आमची उतरण्याची सोय होती. त्यांच्या आईने, म्हणजे याडीने, चुलीवरच्या गरम बाट्या आणि आंबट चुक्याची भाजी वाढली. ज्वारीच्या भाकरीला तिथे बाटी म्हणतात हे ताट समोर आल्यावर कळले.

दुसरा दिवस, शनिवार

ट्रॅक गावाबाहेरच्या बरडावर आखला होता. जमीन मुरमाड असल्याने तिथे पीक नीट येत नाही आणि मालकाने ती आनंदाने दिली होती. साधारण नऊशे मीटरचा फेरा, सात वळणे आणि ट्रॅक्टरच्या फावड्याने केलेले दोन लहान उंचवटे. मात्र एका टोकाला, नाल्याकडे, ट्रॅक काळ्या मातीच्या पट्ट्यातून जात होता. कडेने बाभळीच्या काट्या नव्हे तर भुसाची पोती रचलेली पाहून मला आयोजकांविषयी विश्वास वाटला.

सकाळी गाड्यांची तपासणी झाली. आरसे, इंडिकेटर, दोन्ही स्टँड आणि नंबर प्लेट काढावी लागली, हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टी लावावी लागली, आणि इंजिन ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तार बांधावी लागली, म्हणजे धक्क्याने बोल्ट सैल झाला तरी तेल ट्रॅकवर सांडत नाही. ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांची टोके गोल आहेत की नाहीत, हँडलच्या टोकाला रबर आहे की नाही, हे हात लावून पाहिले. माझ्या गाडीचा बोअर किती, असे तपासनीसाने विचारले आणि मी अर्धा मिलिमीटर वाढवल्याचे सांगताच त्याने वहीवर हिशेब मांडला. या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५० मिलिमीटर, म्हणून मूळ क्षमता ९८ सीसी. बोअर साडेपन्नास झाला की ती १००च्या किंचित वर जाते. माझ्या पोटात गोळा आला. पण नियमाच्या कागदावर जुन्या गाड्यांना एक मिलिमीटरपर्यंत बोअर वाढवण्याची मुभा लिहिलेली होती. असा नियम नसता तर या गटात गाड्याच उरल्या नसत्या, कारण तीस वर्षांत एकदाही बोअर न मारलेली आरएक्स विदर्भात शोधून सापडणार नाही. आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांनी प्रवेश फी भरण्याआधी हा नियम लेखी मागून घ्यावा.

आमच्या गटात अकरा गाड्या होत्या. त्यांपैकी सहा आरएक्स आणि बाकीच्या चार-स्ट्रोक स्प्लेंडर व तिच्या जातकुळीतल्या. दिग्रसचा एक लाइनमन, पुसदचा एक शिक्षक, वाशीमकडचा एक हळदीचा व्यापारी आणि तीन सख्खे भाऊ, जे एकाच गाडीवर आळीपाळीने सराव करत होते. दुपारच्या सरावात कळले की रस्त्यावरचे टायर मुरमावर चालतात, पण हवा कमी करावी लागते. मी पुढच्यात अठरा आणि मागच्यात वीस पौंड ठेवली. याहून कमी केली तर रिम टायरच्या आत फिरते आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटला जातो. प्लग काढून पाहिला, तर सकाळच्या गार हवेत पांढरट असलेला रंग दुपारी कॉफीसारखा झाला होता. गार हवा दाट असल्याने मिश्रण पातळ होते. सकाळी पहिल्या फेरीला इंजिन नीट गरम करायचे आणि कार्बोरेटरची सुई एक खाच वर घ्यायची, असे ठरवले. गाडीच्या ऑइल पंपावर पूर्ण विश्वास न ठेवता पेट्रोलच्या दर लिटरमागे दहा मिलिलिटर तेल वेगळेही मिसळले. उतारावर मूठ एकदम सोडली की टू-स्ट्रोकला पेट्रोल आणि तेल दोन्ही कमी मिळते आणि नेमक्या त्याच क्षणी पिस्टन धरतो.

संध्याकाळी सगळ्यांसाठी रोडग्यांचा बेत होता. नाल्याच्या काठावर गोवऱ्यांचा लांब आर पेटवला होता. कणकेचे पदर घालून वळलेले गोळे त्यात रचले जात होते आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. तेवढ्यात मारुतीच्या देवळामागून ढग चढला. जानेवारीत पाऊस येईल असे कोणाच्या मनात नव्हते. पहिले टपोरे थेंब निखाऱ्यांवर पडून चर्र वाजले आणि जे हात दिवसभर स्पॅनर धरत होते ते सगळे रोडगे वाचवायला धावले. कोणी गोठ्याचे टिनपत्रे काढून आणले, तीन भावांनी ते आरावर आडवे धरले, लाइनमनने आपली ताडपत्री दिली. मी वांग्याचा गंज उचलायला गेलो तेव्हा एक काकू ओरडल्या, "भाजी राहू द्या, आधी आर झाका! भाजीले पाणी गेलं तं रस्सा वाढल." पाऊण तास आम्ही पंधरा-वीस माणसे पत्रे डोक्यावर धरून निखाऱ्यांच्या ऊबेत उभे होतो. रोडगे वाचले. वरची राख फुंकून, फोडून, तुपात बुडवून ते खाल्ले आणि भाजीला खरोखरच रस्सा जास्त झाला होता.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी मुरूम ओला पण घट्ट होता. नाल्याकडचा काळ्या मातीचा पट्टा मात्र लोण्यासारखा झाला होता. ज्याने विदर्भात शेत केले आहे त्याला ही माती सांगायला नको. ती चाकाला चिकटते, मडगार्डखाली दाटून बसते आणि शेवटी चाक फिरणेच बंद होते. सरावाच्या पहिल्याच फेरीत माझे पुढचे चाक अडकले. जमिनीचे मालक काठी टेकत आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "मडगार्ड काढा लागते. आनं चाकाले थोडं जुनं ऑइल पुसा. वखराच्या पाशीले आमी तेच करतो." मडगार्ड काढले, पण या गाडीत तोच पत्रा दोन्ही फोर्क एकमेकांशी बांधून ठेवतो, हे मला ट्रॅकवर गेल्यावर जाणवले. खड्ड्यात हँडल हातात पिळल्यासारखे वाटू लागले. वेग कमी ठेवूनच नाल्याचे वळण घ्यायचे, असे ठरले. आयोजकांनी ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्या मुरूम टाकला आणि शर्यत दोन तास पुढे ढकलली.

आमच्या पात्रता फेरीत सहा गाड्या होत्या, फेरे सहा. झेंडा पडला आणि मी चौथ्या क्रमांकावर पहिल्या वळणात शिरलो. रस्त्यावर आपण वळणात गाडीबरोबर झुकतो. मातीवर गाडी झुकवून आपण ताठ बसायचे, आतला पाय पुढे सोडायचा आणि मागचे चाक सरकू द्यायचे. ते सरकणे तिसऱ्या फेऱ्यात मला पहिल्यांदा नीट जमले, तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो. ज्या गाडीवर बाबांच्या पुढ्यात टाकीवर बसून मी शाळेत गेलो, तिचा तोच आवाज बरडावर घुमत होता. तिसरा आलो आणि अंतिम फेरीत गेलो.

त्यानंतर मोठ्या गाड्यांच्या गटात एका मुलाची गाडी उंचवट्यावरून वाकडी उतरली. लाल झेंडा दाखवला गेला आणि सगळे थांबले. मुलाचे गळ्याजवळचे हसळीचे हाड मोडले होते. रुग्णवाहिका त्याला घेऊन दिग्रसला गेली आणि येथेच मला या क्लबचा खरा मोठेपणा दिसला. ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी नसेल तर शर्यत होणार नाही, असे आयोजकाने जाहीर केले. लोक दीड तास ओरडले, एका पुढाऱ्याने फोन केला, ऊन डोक्यावर आले, तरी तो आपल्या शब्दावरून हलला नाही. आमच्या भागातली पोरे रात्री चौपदरी रस्त्यावर गाड्या पळवतात आणि मरतात. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. पण जायला दुसरी जागा नसते. झेंडे आहेत, पोती आहेत, डॉक्टर आहे आणि नाही म्हणू शकणारा माणूस आहे, अशी जागा प्रत्येक तालुक्यात हवी, असे मला तळमळीने वाटते. तिथे जाताना आयएसआय शिक्क्याचे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, घोट्यावर येणारे जाड बूट आणि कोपर-गुडघ्याची संरक्षणे घेतल्याशिवाय जाऊ नये.

अंतिम फेरी साडेतीनला सुरू झाली. नऊ गाड्या, आठ फेरे. पाचव्या फेऱ्यापर्यंत मी पाचवा होतो आणि लाइनमन माझ्या पुढे हाताच्या अंतरावर होता. त्याला नाल्याच्या वळणात गाठता येईल असे दिसत होते. सहाव्या फेऱ्यात, उंचवट्यावर मूठ पिळलेली असताना, इंजिनातून टणटण आवाज येऊ लागला. चिखलातून गाडी कमी वेगाने पण इंजिन जोरात फिरवत सतत चालवल्याने ब्लॉक तापला होता, कारण हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला वेगच गार करतो. आणखी अडीच फेरे मूठ तशीच ठेवली असती तर कदाचित चौथा आलो असतो. तळेगावच्या आजोबांचे शब्द त्या क्षणी कानात होते आणि त्यामागे बाबांची अट होती. मी एक गिअर वर टाकला, मूठ निम्मी केली आणि आवाज थांबेपर्यंत ती तशीच धरली. दोन गाड्या बाजूने निघून गेल्या. सातवा आलो. लाइनमन चौथा आला आणि त्याने शर्यत संपताच येऊन माझ्या ब्लॉकवर हात धरून पाहिला.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी मडगार्ड, आरसे, स्टँड आणि नंबर प्लेट परत बसवली, टायरमध्ये रस्त्याइतकी हवा भरली. याडीने वाटेसाठी बाट्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. ड्रम ब्रेकमध्ये चिखल गेला असल्याने दोन्ही चाके उघडून पट्ट्या पुसून घेतल्या. हे काम न करता कोणी परतीला लागू नये, कारण ओल्या पट्ट्या पहिल्या ब्रेकला काहीच धरत नाहीत आणि दुसऱ्याला एकदम धरतात.

पोहरादेवीला दर्शन घेऊन निघालो. तळेगावला मुद्दाम थांबलो, पण आजोबा शेतावर गेले होते. गॅरेजच्या मिस्त्रीकडे निरोप ठेवला की गाडी दम राखून पळाली आणि चालत घरी चालली आहे. आर्वीला दिवेलागणीला पोहोचलो. जाऊन-येऊन आणि ट्रॅकवरचे धरून ३२८ किलोमीटर झाले होते.

बाबा अंगणातच होते. त्यांनी किल्ली मागून घेतली, स्वतः किक मारली आणि पाच मिनिटे काही न बोलता इंजिन ऐकले. मंगळवारी मिस्त्रीने हेड उघडले. पिस्टनच्या डोक्यावर सायलेन्सरच्या बाजूला नखाएवढा भाग खरबरीत झाला होता. रिंगा मोकळ्या होत्या आणि ब्लॉकवर एकही ओरखडा नव्हता. काजळी खरवडून, नवे गॅस्केट टाकून हेड दुपारी परत बसवले आणि बुधवारी पहाटे बाबा तिच्यावर दुधाचे कॅन बांधून डेअरीला गेले.